एआयकडून आरोग्याचा नकाशा करून घेताना

एआयला 'रुग्णसंख्येचा नकाशा काढ' एवढंच सांगितलंस, तर ते बहुतेकदा नुसत्या आकड्यांवर रंग भरून मोकळं होतं. मग जिथे लोक जास्त, तिथे रंग गडद. हा रोगाचा नाही, लोकसंख्येचा नकाशा झाला. म्हणून दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण माग, आणि लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरली तेही विचार.

पण प्रमाणातही गोम आहे. 200 वस्तीच्या गावात एक रुग्ण सापडला की लाखामागे 500 होतात. 4 लाखांच्या शहरात 800 रुग्ण असूनही 200च. गाव लालभडक, शहर फिकट! असे कमी वस्तीचे विभाग शेजारच्यांत मिळव, काही वर्षांची बेरीज घे, नाहीतर त्यांवर रेघा मारून नकाशाच्या रंगसूचीत 'आकडे अपुरे' असं लिही. एआय आपणहून हे सुचवेलच असं धरून चालू नकोस.

माहिती नाही तिथे करडा रंग, शून्याचा नव्हे. लाल-हिरवी जोडी टाळ, रंगांधळेपणा असलेल्या अनेकांना ती ओळखू येत नाही.

नकाशाचं चित्र थेट मागू नकोस, सीमा मनाने काढल्या जातात. पायथॉन किंवा आर (R) या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड लिहून घे. आकड्यांची सीमांशी जोडणी नावांवर नको, विभागाच्या ठरलेल्या क्रमांकावर (कोडवर) कर. स्पेलिंग जरा वेगळं असलं की विभाग गुपचूप गळतात. जॉन स्नो या डॉक्टरने 1854च्या लंडनमधल्या कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर घरागणिक मांडले होते खरे, पण तू रुग्णांचे पत्ते चॅटमध्ये चिकटवू नकोस. आधी विभागवार बेरीज कर, मगच फाइल दे.