वाचकांचे प्रश्न : स्क्रीन लागली म्हणजे कॅलिब्रेटर चांगला असे नाही

प्रश्न : भंगाराच्या दुकानात फ्लूक ७२५ कॅलिब्रेटर (नेमका करंट, व्होल्टेज किंवा तापमानाचा सिग्नल देऊन दुसरी यंत्रे तपासणारे यंत्र) पाहिला. स्क्रीन लागते, बटणे चालतात, २०११ चे कॅलिब्रेशन स्टिकर आहे. हौसेसाठी घ्यायचा आहे. दुकानातच काय तपासावे? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : स्टिकर विसरा, त्याचा आता काही उपयोग नाही. जाताना चार नवे डबल-ए अल्कलाइन सेल, भरवशाचा मल्टिमीटर आणि २५० व १००० ओहमचे रेझिस्टर न्या. २५० चा सहसा मिळत नाही; २४० आणि १० सिरीजमध्ये जोडा, जोडीचा खरा आकडा मोजून लिहून ठेवा. १००० चा एक वॉटचाच घ्या. त्यातून २० मिलिअँपिअर गेले की ०.४ वॉट उष्णता होते, पाव वॉटचा करपतो.

आधी सेलचे झाकण उघडा. जुने सेल आतच राहिले की गळतात. स्प्रिंगवरची पांढरी भुकटी व्हिनेगरच्या बोळ्याने निघते. पण हिरवट डाग वायरीतून बोर्डाकडे चढलेला दिसला तर तिथेच थांबा. तो गंज पुढे सरकत राहतो आणि कधी काय बंद पडेल ते सांगता येत नाही.

मग करंट सोर्स करा, म्हणजे कॅलिब्रेटरमधून रेझिस्टरमध्ये ठरावीक करंट सोडा आणि रेझिस्टरवरचे व्होल्ट मल्टिमीटरने मोजा. २५० ओहमवर ४, १२ आणि २० मिलिअँपिअरला १, ३ आणि ५ व्होल्ट यायला हवेत. आता १००० ओहम लावून २० मिलिअँपिअर सोडा. २० व्होल्ट दिसले पाहिजेत. ७२५ ची तेवढी ताकद असते. आधीची परीक्षा पास आणि इथे पंधरा-सोळा व्होल्टला अडकला, तोही नव्या सेलवर, तर आतला व्होल्टेज वाढवणारा भाग थकला आहे.

मोजायची बाजू शेवटी पाहा, पण पाहाच. ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर आणि कॅलिब्रेटरवर मोजा. ही बाजू ३० व्होल्टपर्यंतची. पूर्वी कुणी चुकून २३० लावले असेल तर ती गेलेली असते आणि सोर्स मात्र झकास चालतो. विकणारा सोर्सच दाखवतो.

प्रश्न : केळी पिकवण्याच्या चेंबरचा कंट्रोलर साध्या थर्मामीटरपेक्षा २ अंश जास्त दाखवतो. सेन्सर तीन वायरींचा पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा, शून्य अंशाला १०० ओहम) आहे. जुन्या कॅलिब्रेटरने दोष कुठे आहे ते कळेल का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : कळेल, फक्त एकाच जागी तपासून भागणार नाही. सेन्सर सोडवून कॅलिब्रेटर आधी थेट कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावा आणि सेन्सरच्या जागी १८ अंशांचा रोध द्या, म्हणजे १०७.०२ ओहम. तिथे १८ दिसले तर कंट्रोलर ठीक. मग हेच चेंबरमधल्या जंक्शनवरून, म्हणजे सेन्सर केबलला जोडतो तिथून, करा. तिथून २० दिसले तर दोष केबलचा किंवा टर्मिनलचा. पीटी-१०० मध्ये एक अंश म्हणजे साधारण ०.३९ ओहम, म्हणजे जेमतेम पाऊण ओहमचा गंजही २ अंशांची चूक करतो. तीन वायरींची पद्धत सारखा रोध वजा करते, एकाच स्क्रूवर चढलेला गंज नाही. चेंबरच्या दमट हवेत तो चढतोच.

दोन्हीकडे १८ आले तर सेन्सर बर्फात तपासा. आरओच्या पाण्याचा बर्फ चुरून त्यात थोडे गार पाणी घाला, सेन्सर मधोमध दहा मिनिटे ठेवा. १०० ओहमच्या आसपास यायला हवा. लादीचा बर्फ नको, त्यातल्या क्षारांमुळे शून्य खाली सरकते.

आकडा सारखा नाचत असेल तर गोंधळू नका. काही कंट्रोलर सेन्सरला सतत करंट न देता थांबून थांबून देतात आणि जुन्या कॅलिब्रेटरना ते झेपत नाही. अशा वेळी १०७ ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर नेमका मोजून लावणे बरे.

प्रश्न : मे महिन्यात कॅलिब्रेटरवर के-टाइप थर्मोकपलचे (दोन धातूंच्या जोडावरून, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाप्रमाणे मिलिव्होल्ट देणाऱ्या सेन्सरचे) आकडे सरकतात. यंत्र बिघडले का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : बहुधा नाही. अशा यंत्रांची अचूकता सहसा २३ अंशांच्या पाच अंश वर-खाली दिलेली असते आणि जळगावचा मे त्याच्या पार पलीकडचा. त्यात गाडीच्या डिकीतून काढून कॅलिब्रेटर लगेच लावला तर टर्मिनलचे तापमान मोजणारा आतला सेन्सर आणि टर्मिनल यांचे तापमान वेगळे असते; सावलीत निदान अर्धा तास ठेवा. जोडायला तांब्याची वायर वापरत असाल तर चूक तिथेच आहे, के-टाइपचीच वायर हवी.

खात्री करायची असेल तर कॅलिब्रेटर मिलिव्होल्टवर ठेवा. १०० अंशांना ४.०९६ मिलिव्होल्ट हा आकडा दुसरे टोक शून्यावर धरून आहे. इंडिकेटरचे (तापमान दाखवणाऱ्या यंत्राचे) टर्मिनल ४० अंशांवर असतील तर त्यातून ४० अंशांचे १.६१२ वजा करा आणि इंडिकेटरला तांब्याच्या वायरीने २.४८४ द्या. इंडिकेटरवर १०० दिसले पाहिजेत.

प्रश्न : जुन्या कॅलिब्रेटरच्या ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरी पॅकऐवजी लिथियम सेल चालतील का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नको. जुना चार्जर लिथियमसाठी बनलेला नाही, आग लागू शकते. त्याच मापाचे सहा निकेल-मेटल-हायड्राइड सेल टॅब (जोडायच्या धातूच्या पट्ट्या) स्पॉट-वेल्ड करून घ्या. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेने आतले सील जाते. आतल्या बोर्डावर नाण्यासारखा छोटा सेल दिसला तर तो काढायची घाई करू नका. काही जुन्या यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे त्याच्या जोरावरच टिकतात. बदलताना यंत्राला बाहेरून सप्लाय चालू ठेवावा लागतो.