विणकामावर आयुष्य उभं करायचं असेल तर

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून विणते. सध्या जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीतून नवं विणते, आणि लाकडी चौकटीला खिळे ठोकून केलेल्या छोट्या मागावर जुन्या चादरींच्या पट्ट्या विणते. मला वस्त्रकलाकार व्हायचं आहे. घरचे म्हणतात, छंद म्हणून ठेव, यावर पोट भरत नाही. आताच शिक्षण सोडून कलाशाळेत जावं का? मोठा माग घ्यावा का? आणि माझं काम पाहून लोक 'टाकाऊतून टिकाऊ, छान!' म्हणतात आणि पुढे जातात. अशा कामाला कधी कला म्हणून मान मिळेल का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तू शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दुखावलेलं वाक्य तेच आहे.

1960च्या दशकात पोलंडमध्ये मॅग्डालेना अबाकानोविच नावाची कलावंत बंदरांवर टाकून दिलेले सिसलचे, म्हणजे घायपाताच्या राठ तंतूंचे, दोरखंड गोळा करायची. ती ते उकलायची, धुवायची, रंगवायची आणि विणायची. त्यातून तिने माणसापेक्षा कितीतरी मोठे, छतापासून लोंबणारे आकार उभे केले. लोक त्यांच्याभोवती फिरायचे, त्यांच्या घड्यांत डोकावायचे. या कामांना तिच्याच आडनावावरून 'अबाकान' हे नाव पडलं, आणि 1965 मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. घानात जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले एल अनात्सुई हे दुसरं उदाहरण. दारूच्या बाटल्यांची धातूची झाकणं आणि त्यांच्या पट्ट्या चपट्या करून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडत ते भिंतभर पडदे तयार करतात. 2015 मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा 'सुवर्णसिंह' मिळाला. अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड या खेड्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात वापरून विरलेले कामाचे कपडे कापून पांघरुणं शिवली. घरात ऊब हवी, एवढाच त्यामागचा हेतू. 2002 मध्ये तीच पांघरुणं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारखी भिंतीवर लागली.

आता या तिन्ही कामांकडे पुन्हा बघ. यातलं कुठलंच काम 'हे कचऱ्यातून केलं आहे बरं का' एवढ्यावर थांबत नाही. दोरखंडाचं वजन आणि राठपणा अबाकानोविचला हवाच होता, मऊ लोकरीत तो आकार उभा राहिला नसता. झाकणांचा धातू पातळ आहे, हाताने दुमडतो, म्हणून अनात्सुईंचा पडदा कापडासारखा पडतो आणि दागिन्यासारखा चमकतो. गुडघ्यावर फिकट झालेली डेनिम आणि खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोन जीज बेंडच्या पांघरुणात दिसतो, आणि तो नव्या कापडात मिळणार नाही. तेव्हा प्रत्येक कामाच्या आधी स्वतःला एकच विचार : हीच जुनी वस्तू का? 'फुकट मिळाली' किंवा 'वाया जाऊ नये म्हणून' हे उत्तर येत असेल, तर लोक 'छान' म्हणून पुढेच जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. उत्तर त्या वस्तूच्या अंगातलं आलं, की लोक थांबतात.

त्यासाठी साहित्याची ओळख खोलवर हवी. तू स्वेटर उसवतेस, म्हणून तिथूनच सांगते. उसवण्याआधी स्वेटर उलटा करून शिवणी बघतेस का? कडा ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे कापून यंत्राने दोऱ्याने गुंफलेल्या असतील, तर ते भाग विणलेल्या कापडातून कापून काढलेले आहेत. अशा स्वेटरमध्ये प्रत्येक ओळीच्या टोकाला धागा तुटलेला असतो आणि हाती फक्त हातभर तुकडे येतात. साखळीच्या टाक्याने जोडलेल्या, अखंड कडा असलेल्या भागांतून सलग धागा निघतो. विणकाम जिथे संपलं त्या टोकाकडून उसवायला घेतलंस तर टाके भरभर सुटतात, सुरुवातीच्या टोकाकडून ते अडत राहतात. निघालेला धागा नागमोडी असतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल गाठ मार, कोमट पाण्यात न चोळता भिजू दे, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि टांगून वाळव. चोळलंस तर लोकर आटते आणि तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट अडकून बसतात. आधीच आटलेला स्वेटर उसवायचा हट्ट करू नकोस. तो कापडासारखा काप, त्याच्या कडा सुटत नाहीत. हाही त्या साहित्याचा एक गुणच आहे.

धागा कशाचा आहे हे लेबल नसतानाही कळायला हवं. छोटा तुकडा चिमट्यात धरून, बाजूला पाणी ठेवून, ज्योतीजवळ ने. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि ठिसूळ राख उरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. या चाचणीची नोंद आणि धाग्याचा न जळलेला तुकडा वहीत चिकटवून ठेव.

चादरीच्या पट्ट्यांबद्दलही एक गोष्ट. मागावर ताण सोसतो तो उभा धागा, ताणा. विणलेली ओळ दाबून बसवणाऱ्या फणीचं घर्षणही त्यालाच लागतं. बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यामानाने आरामात असतो. म्हणून जुनं, विरलेलं कापड बाण्यात घाल आणि ताण्याला पक्का नवा सुती धागा घे. 'शंभर टक्के पुनर्वापर' म्हणता यावं म्हणून ताणाही जुना घेतला आणि अर्ध्या विणीत तो तुटायला लागला, तर पूर्ण कष्ट वाया जातात. हीच अडचण कारखान्यांनाही आहे. इंग्लंडमधल्या बॅटलीत 1813च्या सुमारास बेंजामिन लॉने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायला सुरुवात केली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणतात. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्यात नवी लोकर मिसळावी लागते. दोनशे वर्षांनंतरही यंत्राने होणाऱ्या पुनर्वापराचा हा मूळ पेच सुटलेला नाही. तू धागा पिंजत नाहीस, अखंड उसवतेस, म्हणजे तंतूची लांबी राखतेस. हाताने काम करणाऱ्याच्या पदरात पडलेला हा फायदा फार मोठा आहे, आणि तो तुला लोकांना समजावून सांगता आला पाहिजे.

आता पोटाचा प्रश्न. घरच्यांची काळजी रास्त आहे. या व्यवसायातला खरा अडसर वेळ आहे, आणि बहुतेक नवे कलावंत तो मोजतच नाहीत. तू वाणिज्य शिकतेस, म्हणून हिशोब तुला जमेल. दहा सेंटिमीटरचा चौकोन विणायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघ. समजा चाळीस मिनिटं लागली. एक मीटर रुंद, दीड मीटर उंच कामात असे 150 चौकोन बसतात, म्हणजे 100 तास. रोज चार तास खरोखर विणलंस तर 25 दिवस. त्यात उसवणं, धुणं, रंगवणं, ताणा लावणं, चुकलेलं सोडवणं अजून आलेलंच नाही. शिवाय कलादालनातून काम विकलं तर किमतीतला निम्म्याच्या आसपास वाटा दालनाकडे जाणं सर्रास चालतं. हे आकडे घेऊन बसलीस की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, मोठी कामं वर्षाला मोजकीच होणार. दोन, महिन्याचा खर्च भागवण्याचं ओझं फक्त त्यांच्या विक्रीवर टाकलंस, तर तू घाईने विणशील आणि काम बिघडेल.

म्हणून या क्षेत्रातली माणसं सहसा अनेक वाटांनी कमावतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. ॲनी आल्बर्स या वस्त्रकलाकाराचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. 1922 मध्ये ती जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाली. तिथे मुलींना बहुतेक मागावरच्या विणकामाच्या कार्यशाळेतच पाठवलं जायचं, तिलाही तिथेच जावं लागलं. नाइलाजाने मिळालेल्या त्या विषयात ती इतकी खोल गेली, की पुढे एका सभागृहासाठी तिने एका बाजूने आवाज शोषणारं आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश परावर्तित करणारं पडद्याचं कापड विणलं. त्यात तिने सेलोफेन वापरला होता. 1933 नंतर अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये तिने शिकवलं, कारखान्यांसाठी कापडाची डिझाइन्स केली, विणकामावर लिहिलं, आणि या सगळ्याबरोबर स्वतःची विणलेली चित्रंही केली. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचं एकल प्रदर्शन झालं. अबाकानोविच 1965 पासून 1990 पर्यंत पोलंडमधल्या पोझनानच्या कला अकादमीत शिकवत होती. अनात्सुईही अनेक दशकं नायजेरियातल्या न्सुक्काच्या विद्यापीठात शिक्षक होते. या तिघांनाही शिकवण्याच्या कामाने स्वतःच्या गतीने काम करण्याची मोकळीक दिली.

तुझ्यासाठी अशा वाटा कुठल्या? शिकवणं ही एक. कापड कंपन्यांना नवे विणीचे नमुने करून देणं, नाटक-चित्रपटांच्या वेशभूषा विभागात काम, जुन्या कापडांची दुरुस्ती आणि जतन, इमारतींसाठी ठरवून करायची मोठी कामं, या आणखी काही. जतनाचं क्षेत्र वेगळं प्रशिक्षण मागतं, पण उसवण्यात आणि धागा ओळखण्यात बसलेला हात तिथे मोलाचा आहे. ठरवून केलेल्या कामात आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय आणि माप, मुदत, रंग हे लेखी झाल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. ओळखीतलं काम असेल तर हा नियम जास्तच पाळायचा.

शिक्षण आता सोडू नकोस. पदवी हातात येईपर्यंतचा वेळ कामाचा साठा तयार करायला वापर, कारण अनेक कलाशाळा प्रवेशाच्या वेळी तोही बघतात. आणि तो साठा करताना दहा प्रकारच्या वस्तू करू नकोस. एकच साहित्य घे, उदाहरणार्थ फक्त शर्टांच्या कॉलर आणि कफ, किंवा फक्त एका रंगाचे स्वेटर, आणि त्यातून एकामागून एक नमुने विण. सुयांवरच्या विणकामात एकच धागा स्वतःतून फासे काढत जातो, म्हणून ते ताणलं जातं, लोंबतं, सुटतं. मागावर दोन धागे एकमेकांना अडवून धरतात. एकाच जुन्या साहित्याला या दोन्ही रचनांत घालून बघितलंस, की तुझा कल कुठे आहे ते तुलाच दिसेल. जे बिघडलं तेही ठेव, खाली कारण लिही. निवड करणारे शिक्षक त्या पानांवर जास्त वेळ थांबतात, हे मी पाहिलं आहे.

संस्था निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बघू नकोस. कार्यशाळेत जा. किती विद्यार्थ्यांमागे एक माग आहे? रंगवण्याची जागा रोज वापरात दिसते का? शिकवणारे स्वतः विणतात का? कलाशाळेपेक्षा वस्त्रतंत्रज्ञान तुला भावलं, तर तीही चांगली वाट आहे. तंतूंचं शास्त्र तिथे नीट शिकवतात. मात्र स्वतःची दृष्टी घडवण्याचं काम तुला वेगळं करावं लागेल.

टिकाऊपणाबद्दल आताच सवय लाव. संग्रहालयं कापडावर साधारण 50 लक्स (प्रकाश मोजायचं एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतात आणि तंतू कमजोर होतात. तुझा प्रत्येक रंगीत धागा पुठ्ठ्याने अर्धा झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेव, मग दोन्ही अर्धी बाजूबाजूला बघ. प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्यांसाठी तर हे हवंच, उन्हात त्या ठिसूळ होतात. बाहेरून आणलेली लोकर आधी धू, कसरीची अंडी घरभर झाली तर सगळा साठा जाईल. जुनं कापड फाडताना मास्क लाव.

आणि हात सांभाळ. मनगट दुखायला लागायची वाट बघू नकोस, त्याआधीच थांब. अर्ध्या तासाने उठ, बोटं सैल कर, विणकाम आणि मागकाम आलटून पालटून कर. हात गेले तर या व्यवसायात दुसरं काही उरत नाही, म्हणून हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

घरच्यांशी बोलताना प्रदर्शनांची आणि पुरस्कारांची नावं पुढे करू नकोस, त्यांना त्याने धीर येणार नाही. सहा महिन्यांची वेळेची वही त्यांच्यासमोर ठेव : किती तास काम झालं, काय विकलं, कोणाला शिकवलं, खर्च किती आला. आकडे लहान असले तरी चालतील. मुलगी हिशोब ठेवते आहे हे पाहिल्यावर पुढचं बोलणं वेगळं होतं.

मोठा माग मात्र आत्ता घेऊ नकोस. तो खोली अडवतो, ताणा लावायला दिवस जातो, आणि एवढा पैसा घातला आहे म्हणून त्याच्यावरच विणत राहायची सक्ती होते. चौकटीच्या मागावर ज्या दिवशी तुला हवी असलेली वीण अडेल, रुंदी कमी पडेल, आणि नेमकं काय कमी पडतंय हे तुला सांगता येईल, तेव्हा वापरलेला माग शोध. घेण्याआधी त्यावर थोडा ताणा लावून बघ, चौकट ताणाखाली वाकत नाही ना, फणीला गंज नाही ना, आणि पायाखालच्या पावड्या दाबल्यावर धागे सारख्या उंचीला उचलले जातात ना, एवढं तपासून घे.