कामाच्या टेबलावर गाणी ऐकायला छोटे स्पीकर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरून काम करता, टेबल १२० बाय ६० सेंटिमीटरचं आणि भिंतीला लागून आहे, मधोमध स्क्रीन आहे, दिवसभर हळू आवाजात गाणी लावायची आहेत. स्पीकर तीन इंची घ्यावेत की पाच इंची, किती वॅटचे, आणि सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचं वेगळं खोकं, लागेल का?

तीन इंची घ्या, फार तर साडेचार. हे इंच म्हणजे वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या गोल पडद्याचा आकार. तुमचं टेबल त्याहून मोठ्याला जागा देणार नाही.

माझी पहिली जोडी पाच इंची होती. एकेक खोकं जवळजवळ ३० सेंटिमीटर उंच, पुढून मागे त्याहून थोडं कमी. कीबोर्डला जागा उरेना म्हणून दोन्ही खोकी भिंतीला चिकटवली, आणि त्यांचं पोर्ट, म्हणजे खालच्या स्वरांना जोर देणारं हवेचं भोक, नेमकं मागच्या बाजूला होतं. भिंत आणि कोपरा जवळ आला की खालचे स्वर फुगतात. तबला लावला की डग्गा खोलीभर घुमायचा आणि चाटीवरचे बोल त्याखाली बुडून जायचे. बरेच दिवस मी स्पीकरलाच नावं ठेवली. नंतर तीच जोडी दुसऱ्या खोलीत स्टँडवर, भिंतीपासून लांब ठेवली, तर सुरेख वाजली.

म्हणून खरेदीच्या आधी टेप घेऊन बसा. स्क्रीनच्या बाजूला रुंदी किती उरते, भिंतीपासून किती पुढे आणता येईल, आणि बसल्यावर तुमचे कान टेबलापासून किती उंचीवर येतात, हे तीन आकडे लिहून काढा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. दोन स्पीकरमध्ये ७०-८० सेंटिमीटर अंतर असेल, तर तुम्हीही तेवढ्याच अंतरावर. पोर्ट समोर असलेलं किंवा पोर्टच नसलेलं मॉडेल भिंतीजवळ सोपं जातं. मागे पोर्ट असेल तर निदान वीतभर जागा सोडा.

आता टेबलाबद्दल, कारण याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा स्पीकरचा छोटा भाग, टेबलापासून २० सेंटिमीटर उंच आहे, कान ४० सेंटिमीटरवर आणि मधलं अंतर ७० आहे असं धरा. सरळ कानावर येणारा आवाज सुमारे ७३ सेंटिमीटर प्रवास करतो, टेबलावर आपटून येणारा सुमारे ९२. या १९ सेंटिमीटरच्या फरकामुळे ९०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खातात. हा पट्टा माणसाच्या आवाजाच्या अगदी गाभ्यातला आहे. ‘डब्यातून बोलल्यासारखं’ वाटतं ते पुष्कळदा यामुळे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक छोटा आरसा टेबलावर आडवा ठेवा आणि खुर्चीत बसून तो पुढेमागे सरकवा. ज्या जागी आरशात ट्विटर दिसेल, तिथूनच आवाज उसळून कानावर येतोय. मी एका दुपारी सहज म्हणून दोन्ही स्पीकरच्या पुढच्या कडेखाली एकेक जाड डायरी सरकवली, तोंड वर कानाकडे केलं. तोवर टेबलावर लोळत असलेला गाण्याचा आवाज उचलला गेला आणि स्क्रीनच्या मागे, चेहऱ्याच्या उंचीला येऊन थांबला. तानपुऱ्याची जवारीही सुटी ऐकू यायला लागली. त्यानंतर रीतसर छोटे स्टँड घेतले. खाली स्टँड किंवा रबरी फोम असला की टेबलाची फळी आणि पेनाचा डबाही थरथरत नाहीत.

वॅटची चिंता सोडा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. तीन मीटरवर जेवढ्या आवाजाला १६ वॅट लागतील, तेवढा पाऊण मीटरवर एका वॅटमध्ये मिळतो. खोलीत हे गणित थोडं बदलतं, पण मुद्दा तोच राहतो. खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या ताकदीचा भलामोठा आकडा असेल तर तो वाचूही नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते बघा. अँप्लिफायर आतच असलेले, म्हणजे पॉवर्ड स्पीकर घ्या; टेबलावर आणखी एक खोकं नको.

तुम्ही हळू आवाजात ऐकणार आहात, त्यामुळे दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे, आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे स्वर सगळ्यात आधी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून हळू ऐकताना खालचा भाग इक्वलायझरवर, म्हणजे वरचे-खालचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सोयीवर, थोडा उचलला तर त्यात पाप नाही. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. दुसरं म्हणजे सूंऽऽ अशी शिट्टीवजा बारीक खरखर. गाणं बंद असताना ट्विटरमधून येणारी ही खरखर लांबून कळत नाही, पण ७० सेंटिमीटरवर, शांत खोलीत, दिवसभर ती माणसाला पिडते. शिवाय काही पॉवर्ड स्पीकर सिग्नल फार मंद असला की आपोआप झोपतात आणि गाणं मधेच बंद पडतं. ही सोय बंद करता येते का, हे घेण्याआधी विचारा.

जोडणीचं म्हणाल तर यूएसबी सगळ्यात सोपं. साध्या ३.५ मिलिमीटर वायरने जोडल्यावर गुणगुण ऐकू आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर बहुधा अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेल्याचा प्रश्न आहे, स्पीकर बदलून जाणार नाही. बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली गुणगुण रद्द करणाऱ्या वायरीने तो बहुतेक वेळा सुटतो. ब्लूटूथ गाण्यांना चालतं, पण व्हिडिओ कॉलमध्ये ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ शकते.

सबवूफर आत्ता नको. चार इंचीतून साधारण ६०-७० हर्ट्झपर्यंत खाली जाता येतं. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, तेव्हा काहीतरी सुटणार हे खरं. पण पुरुषाचा बोलण्याचा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे गळा, बासरी, सतार, व्हायोलिन यांचं काही हरवत नाही. छोट्या खोक्याला कमी लेखू नका. बीबीसीने १९७० च्या दशकात प्रसारणाच्या गाडीत मावेल असा एलएस३/५ए नावाचा स्पीकर बनवला, त्यात वूफर अवघा पाच इंचाचा होता, आणि माणसाच्या आवाजासाठी लोक आजही तो शोधत फिरतात.

नावं हवीत तर: आयलाउड मायक्रो मॉनिटर, तीन इंची, वर कलता ठेवायला खाली पाय आहेत. काली एलपी-यूएनएफ, साडेचार इंची, पोर्ट समोर, यूएसबी आहे, आणि भिंत किंवा टेबल जवळ असल्यास जुळवायला मागे स्विच आहेत. हात सैल असेल तर जेनेलेक ८०१०, तीन इंची, पण जोडणी फक्त एक्सएलआर, म्हणजे स्टुडिओत वापरतात त्या तीन पिनांच्या प्लगची, त्यामुळे संगणक आणि स्पीकर यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाचं वेगळं खोकं लागेल. तुमच्या वर्णनावरून मी काली घेईन, फक्त त्याची रुंदी स्क्रीनशेजारी बसते का ते आधी टेपने बघा.

घरी आणल्यावर पहिल्याच रात्री, सगळं शांत झालं की, गाणं न लावता स्पीकर चालू करा आणि नेहमीच्या खुर्चीत दहा मिनिटं बसा. खरखर कानाला टोचली तर परतीची मुदत असेपर्यंत परत करा. तिची सवय होत नाही, मी वर्षभर वाट पाहिली आहे.