‘बायोप्सी करून घ्यावी’ : ओपीडीच्या कागदावरची एक ओळ आणि दोन वर्षांची मुदत

डोंबिवलीच्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी एका दूरचित्रवाणी मालिकेत काम करत असताना पोटदुखीने आजारी पडली आणि तिचे वजन झपाट्याने उतरू लागले. खासगी डॉक्टरांनी आतड्याचा क्षयरोग असे निदान करून सात महिने टीबीची औषधे दिली. त्यानंतर मुंबईतील दुसऱ्या रुग्णालयात कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणे) झाली, तेव्हा तो क्रोन्स डिसीज, म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारा विकार, निघाला. तोपर्यंत आतडे एके ठिकाणी इतके अरुंद झाले होते की तेवढा भाग कापून काढावा लागला. या सात महिन्यांतला बराच काळ तिचे चित्रीकरण चालू होते. भरपाई मागता येईल का, कोणाकडे, आणि मुलगी सज्ञान झाल्यावर दावा केला तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, बालकलाकारांच्या पालकांची अशी पत्रे मला वारंवार येतात, त्यामुळे आजारी मुलाला सेटवर पाठवू नये वगैरे सर्वांना ठाऊक असलेले पुन्हा लिहीत बसत नाही. तुमचे प्रकरण एका कलमावर आणि एका कागदावर उभे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चे कलम 69 सांगते की तक्रार तिचे कारण घडल्याच्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. आणि कागद म्हणजे, मधल्या काळात दाखवलेल्या ठाण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांचा तो ओपीडीचा कागद, ज्याचा फोटो तुम्ही पत्रासोबत जाता जाता जोडला आहे आणि ज्याच्याबद्दल पत्रात अवाक्षर लिहिलेले नाही.

चार घड्या पडलेल्या त्या कागदावर निळ्या शाईत, औषधांच्या खाली, एक ओळ आहे : औषधांना अपेक्षित प्रतिसाद नाही, निदानाबद्दल शंका, बायोप्सी करून घ्यावी. खाली तारीख आहे. त्या तारखेला आज 26 महिने झाले आहेत. बायोप्सीच्या अहवालाला 22 महिने झाले आहेत. म्हणजे मुदत अहवालापासून मोजली तर तुमच्या हातात दोन महिने आहेत, आणि त्या कागदापासून मोजली तर ती दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे. समोरच्या डॉक्टरांचे वकील पहिल्याच तारखेला हाच मुद्दा घेतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 मध्ये गोव्याच्या सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेच्या प्रकरणात हा प्रश्न तपासला आहे. त्यांच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी गॉज (रक्त टिपायचे जाळीदार कापड) राहून गेला होता आणि तो नऊ वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत सापडला. न्यायालयाने तत्त्व असे मांडले की डॉक्टरांच्या चुकीचा परिणाम उघड दिसत असेल तर मुदत तेव्हापासून धावते, आणि तो लपलेला असेल तर रुग्णाला वाजवी दक्षता घेऊन तो ज्या दिवशी कळला किंवा कळू शकला असता त्या दिवसापासून. तत्त्व रुग्णाच्या बाजूचे आहे, पण त्या परिचारिकेची तक्रार मात्र मुदतबाह्य ठरली, कारण इतकी वर्षे दुखत असताना, स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असूनही, त्यांनी त्या शल्यचिकित्सकाकडे विचारणाच केली नाही. तुम्ही वैद्यकीय क्षेत्रातल्या नाही, ही तुमच्या जमेची बाजू. पण ‘कळू शकला असता’ या शब्दांसमोर ती निळ्या शाईतली ओळ ठेवून पाहा.

तुम्ही लिहिता की त्या वेळी मालिकेत मुलीचा ट्रॅक (तिच्या पात्राचे कथानक) चालू होता, तारखा दिलेल्या होत्या, म्हणून बायोप्सी ‘ट्रॅक संपल्यावर’ करायचे ठरले. ते चार महिने तुमच्या मुलीने पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून मेकअपरूममध्ये काढले, हेही तुम्हीच लिहिले आहे. मला हे वाचून राग आला आणि तो मी लपवत नाही. त्यानंतरचे दीड वर्ष तुम्ही घालवलेत ते मूळ डॉक्टर ‘बसून मार्ग काढू’ म्हणत राहिले म्हणून. समेटाच्या बोलण्यांनी मुदत थांबत नाही. हे वाक्य मी किती पालकांना, आणि किती उशिरा, सांगितले आहे याची मोजदाद नाही.

आता करायचे ते असे. अहवालाच्या तारखेला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी, खरे तर या पंधरवड्यातच, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, आणि उपचारापोटी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीत कारण अहवालाच्या दिवशी घडले असे मांडा, पण त्याच दिवशी, त्याच संचात, कलम 69 च्या पोटकलम 2 खाली विलंब माफ करण्याचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा. आयोगाने मुदत ओपीडीच्या कागदापासून मोजायची ठरवले तर हा अर्ज तुम्हाला तारेल. तो नंतर, हरकत आल्यावर दिला तर त्याचे वजन अर्धे होते. अर्जात खरे कारण लिहा. मूळ डॉक्टरांनी बायोप्सीची गरज नाही असे पुन्हा पुन्हा सांगितले असेल आणि तसे मेसेज असतील, तर तेच तुमचे सर्वांत सबळ कारण आहे.

मुलगी 18 वर्षांची झाल्यावर दावा करण्याचा मार्ग कागदावर खुला आहे. मुदत कायद्याच्या कलम 6 आणि 8 प्रमाणे अज्ञानाला (18 वर्षांखालील व्यक्तीला) सज्ञान झाल्यावर दिवाणी दाव्यासाठी कमाल तीन वर्षे मिळतात. ही सवलत ग्राहक आयोगात तशीच मिळेल यावर मी विसंबणार नाही. शिवाय दिवाणी न्यायालयात मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी जपून ठेवायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे. मुलगी न्यायालयात उभी राहील तेव्हा पुरावा रद्दीत गेलेला असेल. त्याऐवजी आताच्याच तक्रारीत मुलीची मागणी आणि तुम्हा आईवडिलांची मागणी स्वतंत्रपणे मांडा. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि पालक दोघेही ग्राहक मानले आणि दोघांना वेगवेगळी भरपाई कायम केली. तुमच्या दिरंगाईचा फटका बसायचाच असेल तर तो तुमच्या मागणीला बसावा, मुलीच्या नव्हे, असा युक्तिवाद त्यामुळे करता येतो.

निष्काळजीपणा सिद्ध होईल का, याबद्दल मी सावध आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची लक्षणेच नव्हे तर दुर्बिणीतून दिसणारे व्रणही इतके सारखे असतात की आपल्या देशात आधी टीबीची औषधे देऊन पाहणे ही मान्य पद्धत आहे. निदान चुकले एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्के आहे. पण औषध देऊन पाहायचे तर दोन-तीन महिन्यांनी फरक पडला का हेही पाहायचे असते, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत मूळ डॉक्टरांनी सात महिने ते पाहिले नाही. तक्रार ‘निदान चुकले’ अशी लिहू नका, ‘निदान पुन्हा तपासले नाही’ अशी लिहा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत लागतेच असे नाही, असे 2010 च्या किशन राव निकालात म्हटले आहे, तरी इथे एका पोटविकारतज्ज्ञाचे लेखी मत घ्याच.

तुम्ही हेदर ओ’रूर्क या अमेरिकन बालकलाकाराचा दाखला दिला आहे. ती 1 फेब्रुवारी 1988 रोजी 12 व्या वर्षी गेली. तिच्यावर क्रोन्सचे उपचार चालू होते, प्रत्यक्षात आतड्याला जन्मजात अरुंदपणा होता, आणि त्याच उपचारांच्या काळात तिने चित्रपटाचे काम केले. तिथे क्रोन्स हे चुकीचे निदान होते, इथे ते बरोबर निघाले. साम्य एवढेच की एकदा कागदावर रोगाचे नाव पडले की पुढची प्रत्येक तक्रार त्या नावाखाली ढकलली जाते. तिच्या आईचा दावा तिथल्या कायद्याखालचा होता, आपल्या आयोगापुढे त्याचा उपयोग नाही. तक्रारीत तो उल्लेख टाळा.

निर्मात्याविरुद्धचा विषय या तक्रारीत मिसळू नका, कारण त्याच्याकडून तुम्ही सेवा घेतलेली नव्हती. 2017 मध्ये सुधारलेल्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याच्या सोयींची हमी लिहून द्यावी लागते, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. ती परवानगी आणि हमीपत्र माहिती अधिकारात मागा, आणि ठेवीची पावती निर्मात्याकडे मागा. पुढची कारवाई त्या कागदांवर ठरेल. पण त्या परवानगीसाठी पालकांची लेखी संमतीही जोडलेली असते, तेव्हा तुमची सही कशाखाली आहे ते आधी वाचा.

मात्र सेटवरच्या दोन गोष्टी डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीत कामी येतील. तुम्ही लिहिले आहे की ड्रेसदादांनी (सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांनी) मुलीचा एकच शाळेचा फ्रॉक तीन वेळा आत घेतला. तो फ्रॉक मिळाला तर जपून ठेवा आणि ड्रेसदादांचे प्रतिज्ञापत्र घ्या. प्रसारणाच्या तारखांसह ते भाग आणि शिलाईच्या त्या तीन ओळी मिळून वजन कसे उतरत गेले ते दाखवतील, आणि दर महिन्याला तीच औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते कसे दिसले नाही असे विचारता येईल. डिजिटल नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. दुसरे, टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंद प्रणालीवर मुलीची नोंद झाली का ते क्षयरोग विभागाकडे विचारा. झाली असेल तर उपचार सुरू झाल्याची तारीख तुम्हाला डॉक्टरांच्या फाइलबाहेरून मिळते, आणि झाली नसेल तर तीही त्रुटी आहे.

कायद्याने अशी तक्रार नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाली काढायची असते. प्रत्यक्षात वर्षे जातात, तारखांवर तारखा पडतात, आणि आजारी मुलाच्या पालकांना त्यासाठी रजा टाकाव्या लागतात याची मला चीड आहे. म्हणूनच सुरुवातीच्या कागदांत काही कमी ठेवू नका.

उद्याच दोन्ही रुग्णालयांत संपूर्ण उपचारपत्रांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि ठाण्याच्या डॉक्टरांचा तो कागद लपवू नका. तो त्या डॉक्टरांच्या नोंदीत आहेच, तुम्ही दडवला आणि त्यांनी दाखवला तर विलंबमाफीचा अर्ज तिथेच संपेल. तो स्वतः जोडा, मूळ प्रत तपासणीसाठी हाताशी ठेवा, लॅमिनेट करू नका.