एमबीएची फी, कर्जाचं व्याज आणि ८०ई

प्राप्तिकर विवरणपत्रांचा हंगाम आला की हेच प्रश्न येतात. वॉट्सअ‍ॅपवर ऐकलेलं पुसून मग वाचा.

प्रश्न : नोकरी सांभाळून स्वतःच्या पैशानं एमबीए केलं. फी ८०सीच्या वजावटीत धरू का?

नाही. ती सवलत मुलांच्या शिक्षणशुल्काला आहे, स्वतःच्या नव्हे.

प्रश्न : मुलगी परदेशात एमबीए करतेय, कर्ज माझ्या नावावर आहे. वजावट किती?

८०ई हे प्राप्तिकर कायद्यातलं, उच्च शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर वजावट देणारं कलम. त्यात वर्षभरात प्रत्यक्ष भरलेलं सगळं व्याज धरता येतं. त्याला कमाल मर्यादा नाही, पण मुद्दलाला काही मिळत नाही. बँकेकडून व्याज आणि मुद्दल वेगळं दाखवणारा दाखला घ्या.

प्रश्न : काकांकडून व्याजानं पैसे घेतले, स्टॅम्पपेपरवर करारही आहे.

स्टॅम्पपेपरनं काका बँक होत नाहीत. कर्ज बँकेचं, सरकारनं अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचंच लागतं. खासगी फायनान्स कंपनी असेल तर सही करण्याआधी अधिसूचनेची प्रत मागा.

प्रश्न : कर्ज माझ्याच नावावर आहे. एजंट म्हणतो, शिकत असतानाच व्याज भरायला लागा, करही वाचेल. खरं का?

हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. ८०ईची वजावट ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष आणि पुढची सात, एवढीच मिळते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तुमचं उत्पन्न शून्य असेल तर कर कुठला वाचणार? आठातली दोन वर्षं फुकट गेली. कर्ज पंधरा वर्षांचं असलं तरी नवव्या वर्षापासून काही नाही. शिकताना व्याज भरणं वाईट नाही, ते मुद्दलात चढत नाही. पण तो हिशेब व्याजाचा, कराचा नव्हे. वडील सहकर्जदार असून स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून भरणार असतील तर चित्र बदलतं. तेव्हा कर्जाचे कागद सीएला दाखवा.

आणि एजंटाच्या पत्रकावर नसतं ते हे : नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ८०ई नाहीच. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून काही न निवडल्यास तीच लागू होते. २०२५-२६ मध्ये १२.७५ लाखांपर्यंतच्या पगाराला तिच्यात तसाही कर नाही. पत्रकावरचे ‘करबचती’चे आकडे जुन्या प्रणालीत ३० टक्के दरानं कर भरणाऱ्याचे असतात. कर वाचतो म्हणून कर्ज वाढवून घेऊ नका. दोन्ही प्रणालींचा हिशेब आधी करून घ्या.

प्रश्न : विवरणपत्राची मुदत हुकली. पगारदार आहे. डिसेंबरात जुनी प्रणाली निवडून भरलं तर?

जमणार नाही. जुनी हवी तर विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं. फॉर्म १६, म्हणजे कंपनीनं दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात आल्यावर कशाची वाट बघत होतात?

प्रश्न : माझा व्यवसाय आहे. एक्झिक्युटिव्ह एमबीए धंद्याच्या खर्चात टाकू?

पदवी हा वैयक्तिक खर्च आहे, असं अधिकारी सहज म्हणू शकतो. खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झाला, हे तुम्हाला दाखवावं लागेल. कागद घेऊन तुमच्या सीएकडे जा. याला मी इथून ‘हो’ म्हणणार नाही.