मॉर्फिनचा तोच डोस काही आठवड्यांनी कमी का पडतो?
सोलापुरात चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांना कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिनची तीच गोळी आता पुरत नाही, असे आपण लिहिले आहे. आजार वाढल्यानेही असे होते, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

मॉर्फिन चेतापेशीवरील म्यू रिसेप्टरला (औषध ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की आतील सायक्लिक एएमपी (पेशीत संदेश पोहोचवणारा छोटा रेणू) घटते आणि वेदनेचा संदेश मंदावतो. परंतु औषध सतत येत राहिल्यास एंझाइमे रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढवतात, त्यावर अरेस्टिन हे प्रथिन बसू शकते आणि मॉर्फिनचा पेशीत जाणारा निरोप क्षीण होतो, म्हणून तोच डोस कमी पडतो. शिवाय पेशी सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणाच वाढवून ठेवते, म्हणून गोळी अचानक थांबवल्यास ते उसळते आणि घाम, जुलाब, तगमग सुरू होते. बद्धकोष्ठतेला मात्र शरीर फारसे सरावत नाही.