गाडी पाच महिने फ्लोरिडात, पाटी न्यू जर्सीची: विमा कुठला लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं निवृत्त, उन्हाळा एडिसनला, नोव्हेंबर ते मार्च टॅम्पाला. गाडी एकच, न्यू जर्सीत नोंदवलेली. तीच पॉलिसी फ्लोरिडात चालेल का?

आठ-पंधरा दिवसांच्या सहलीला चालते. पाच महिन्यांना नाही.

फ्लोरिडाचा कायदा तुमचे नव्हे, गाडीचे दिवस मोजतो. मागच्या ३६५ दिवसांत गाडी तिथे ९० पेक्षा जास्त दिवस असेल, तर मालक परराज्यातला असला तरी फ्लोरिडाचं कव्हर लागतं. दिवस सलग असायला हवेत असं नाही. नाताळात गाडी घेऊन नातवंडांकडे आलात, तरी परत गेल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. तुम्ही दोन महिने पुण्याला आणि गाडी टॅम्पाच्या गॅरेजात, तर तेही दिवस धरायचे. ५ नोव्हेंबर ते २५ मार्च म्हणजे १४१ दिवस. इथे पळवाट शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून निघण्याआधी एजंटला फोन करून तीन गोष्टी विचारा. कंपनी फ्लोरिडात पॉलिसी देते का? याच गाडीला तिथलं पीआयपी (चूक कोणाचीही असो, तुमच्या उपचारांचा खर्च देणारं कव्हर) आणि प्रॉपर्टी डॅमेज (समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं कव्हर) जोडता येईल का? गाडी रात्री उभी राहण्याचा पत्ता, म्हणजे गॅरेजिंग अ‍ॅड्रेस, हंगामाप्रमाणे कसा नोंदवायचा? उत्तर ईमेलवर मागा. प्रीमियम वाढेल म्हणून पत्ता लपवू नका. क्लेमच्या वेळी टोलच्या नोंदी आणि सर्व्हिसिंगची बिलं सगळं सांगून टाकतात, आणि चुकीच्या माहितीवर घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. एकाच गाडीवर दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी घेऊ नका. अपघात झाला की दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

फ्लोरिडाची किमान अट अगदीच तुटपुंजी आहे: १०,००० डॉलर पीआयपी, १०,००० प्रॉपर्टी डॅमेज. समोरच्याला दुखापत झाली तर त्याची भरपाई देणारं कव्हर बहुतेकांना सक्तीचं नाहीच. म्हणजे तुम्हाला धडकणाऱ्याकडे ते नसूही शकतं. म्हणून अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर, म्हणजे धडकणाऱ्याकडे विमा नसेल तर तुमच्या दुखापतीची भरपाई देणारं, वगळू नका. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून किमान लायबिलिटी, म्हणजे समोरच्याला द्यायच्या भरपाईचं कव्हर, ३५/७०/२५ हजार डॉलर (एकाच्या दुखापतीला/एका अपघातातल्या सगळ्यांच्या दुखापतींना/मालमत्तेला) झाली आहे, पण दोन घरं नावावर असणाऱ्याला तीही अपुरीच. माझ्या मते २५०/५०० हजार आणि वर अम्ब्रेला, म्हणजे गाडी-घराच्या विम्याची मर्यादा संपली की पुढचं देणारी जादा पॉलिसी. अम्ब्रेलात दोन्ही घरं आणि सगळ्या गाड्या नोंदवलेल्या हव्यात.

पीआयपीत निवृत्तांची दोन ठिकाणी फसगत होते. पहिली न्यू जर्सीची. नोकरीत असताना हप्ता कमी व्हावा म्हणून अनेकांनी ‘हेल्थ इन्शुरन्स प्रायमरी’ (अपघाताच्या उपचारांचे पैसे आधी आरोग्य विम्याने द्यायचे) हा पर्याय निवडलेला असतो. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) सुरू झाल्यावर तो चालत नाही. अपघाताच्या उपचारांचे पैसे मेडिकेअर सर्वात आधी देत नाही. डिक्लेरेशन पेज (पॉलिसीतल्या कव्हरचा गोषवारा देणारं पान) काढून ती ओळ आजच बघा. दुसरी फ्लोरिडाची. अपघातानंतर १४ दिवसांत पहिला वैद्यकीय उपचार घेतला नाही, तर तिथलं पीआयपी उपचाराचे पैसे देत नाही. आपली पिढी ‘मान जरा अवघडलीय, शेकलं की बरं होईल’ म्हणत तीन आठवडे काढते. तसं करू नका. आणि तातडीची वैद्यकीय स्थिती असल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं नाही, तर १०,००० चे २,५०० होतात.

टॅम्पाला दुसरी गाडी ठेवून विमानाने ये-जा करणार असाल, तर ती सरळ फ्लोरिडात नोंदवा, विमाही तिथलाच. पहिल्या नोंदणीला २२५ डॉलरचं वेगळं शुल्क बसतं. उन्हाळ्यात गाडी पडूनच आहे म्हणून विमा बंद करायचा मोह झाला, तर आधी पाटी जमा करा, मग विमा रद्द करा. उलट केलंत तर लायसन्स निलंबित होतं आणि ते परत मिळवायला १५० ते ५०० डॉलर जातात. एडिसनला उभ्या राहणाऱ्या गाडीचंही तेच: पाटी चालू तोवर लायबिलिटी लागतेच, नुसतं कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग, पूर अशा नुकसानीचं कव्हर) पुरत नाही. किल्ली मुलाकडे असेल आणि तो अधूनमधून ती चालवणार असेल, तर ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव घाला.

फ्लोरिडातल्या गाडीचं कॉम्प्रिहेन्सिव्ह मात्र बारा महिने ठेवा. पुराचं पाणी गाडीत शिरलं तर ते याच कव्हरमध्ये येतं, कोलिजनमध्ये, म्हणजे धडकेच्या कव्हरमध्ये, नाही. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, नेमका तुम्ही तिथे नसताना. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन कव्हर देणं थांबवतात, त्यामुळे बदल करायचे ते मार्चमध्ये निघण्यापूर्वीच. याच कव्हरमध्ये तिथे विंडशील्ड डिडक्टिबलशिवाय, म्हणजे खिशातून आधी भरायच्या रकमेशिवाय, बदलून मिळतं.